बांध दरवर्षी तिथेच का फुटतो? उताराच्या कोरडवाहू जमिनीवर माती, पाणी आणि माळ कसा राखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुरंदर-बारामतीच्या कोरडवाहू पट्ट्यात सहा एकर जमीन. वरचे दोन एकर खडकाळ माळ, त्याखाली तीन एकर हलकी-मध्यम जमीन, तळाला ओढ्यालगत एकरभर काळी. विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. मधला बांध दर पावसाळ्यात एकाच जागी फुटतो. माळावर जेसीबीने चर काढून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावावी, खाली प्लास्टिकचं शेततळं घ्यावं, असा सल्ला मिळाला आहे. तो पाळावा का? माळावर खोकड (लहान कोल्हा) दिसतं, अधूनमधून लांडगा येतो, त्यांचं काय करायचं?

सल्ला आहे तसा पाळू नका. पैसे आणि श्रम आधी फुटणाऱ्या बांधावर घाला. माळावर कुदळ जवळपास लागूच नये. शेततळ्याचा विचार या दोन्हींनंतर करा. का, ते सांगतो.

आधी पाण्याचा हिशेब. एका एकरावर १ मिमी पाऊस म्हणजे ४,०४७ लिटर पाणी. वर्षाला ५०० मिमी धरला तर तुमच्या सहा एकरांवर १ कोटी २१ लाख लिटर पडतं. ते सगळं अडवायला जाऊ नका. बराचसा पाऊस हलका येतो आणि जागेवरच मुरतो. माती नेतात ते वर्षातले चार-पाच जोराचे पाऊस, म्हणजे मे-जूनचा वळीव आणि सप्टेंबरमधला परतीचा. वळवाच्या वेळी रान नांगरून उघडं पडलेलं असतं आणि सप्टेंबरात जमीन आधीच भिजून गच्च झालेली असते. सगळी रचना या चार-पाच पावसांसाठी करायची.

म्हणून पहिलं काम खणण्याचं नाही, पाहण्याचं आहे. जोराचा पाऊस सुरू असताना डोक्यावर खोळ घेऊन, हातात वीस-पंचवीस खुंट्या घेऊन शेतात फिरा. पाणी पसरून वाहतं तिथे काही करायचं नाही. जिथे दोन-तीन धारा एकत्र होतात, पाणी गढूळ होतं आणि वेग घेतं, तिथे खुंटी ठोका. पाऊस उघडल्यावर या खुंट्या जोडल्या की जमिनीतली जुनी घळ दिसते. नांगरटीने ती बुजली असली तरी पाणी तिला विसरलेलं नसतं. तुमचा बांध बहुधा नेमका याच रेषेवर फुटत असणार.

बांध फुटण्याची कारणं साधारण चारच असतात. बांध समतल रेषेत नाही, त्यामुळे सगळं पाणी एका सखल जागी गोळा होतं. सांडवाच (जादा पाणी बाहेर सोडणारी वाट) नाही, किंवा आहे तो भरावाच्या मातीवर आहे. आधीच्या वेळी फुटलेला भाग उन्हाळ्यात कोरड्या मातीने नुसता बुजवला, त्यामुळे जुन्या-नव्या मातीचा सांधा कधी बसलाच नाही. आणि उंदीर-घुशींची किंवा खेकड्यांची बिळं. यांतलं तिसरं कारण सगळ्यांत जास्त आढळतं आणि त्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष जातं.

समतल रेषा शोधायला महागडं यंत्र लागत नाही. सात-सात फुटांच्या दोन सरळ काठ्या वर एकत्र बांधा, पाय बरोबर २ मीटर फाकवा, मध्ये आडवी काठी बांधा आणि वरून दगड लावून ओळंबा सोडा. आता दोन्ही पाय जमिनीवर ठेवून ओळंब्याची दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करा, म्हणजे डावा पाय बरोबर उजव्याच्या जागी, आणि दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समतल. ही अदलाबदल टाळून फक्त एका खुणेवर विसंबलात तर सगळी रेषा एका बाजूला कलते आणि बांध मोडतो. उतारही याच चौकटीने मोजता येतो. खालच्या पायाखाली विटा-दगड ठेवत ओळंबा मध्यावर आणा. १० सेंमी उचलावं लागलं तर उतार ५ टक्के.

आता फुटलेल्या जागेची दुरुस्ती. भगदाडाच्या दोन्ही कडा उभ्या ठेवून मध्ये माती भरू नका. कडा पायऱ्या-पायऱ्यांनी मागे कापा, सैल माती पूर्ण काढा, तळाला घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जा आणि बांधाच्या मध्यरेषेखाली फूटभर रुंद, फूटभर खोल खाच घ्या. ही खाच चिकट मातीने भरली की तळातून झिरपून पोखरलं जाणं थांबतं. मग भराव वीतभर जाडीच्या थरांनी घाला. प्रत्येक थर ओलसर हवा. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. प्रत्येक थर धुम्मसाने (माती ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोकून बसवा. हे काम मे महिन्यात करू नका. कोरडी माती कितीही ठोकली तरी बसत नाही. परतीचा पाऊस संपल्यावर, जमिनीत ओल असताना, दिवाळीच्या आसपास करा. मग बांधाला पुढचा पावसाळा येईपर्यंत सात-आठ महिने बसायला मिळतात.

बांधाची मापं तुमच्या हलक्या-मध्यम जमिनीला अशी ठेवा. उंची ७५ सेंमी, माथा ५० सेंमी, दोन्ही बाजूंना एकास दीड उतार (एक उंचीला दीड आडवं), म्हणजे पायाला पावणेतीन मीटर रुंदी. हाताने ठोकलेला भराव खाली बसतो म्हणून उंची १० ते १५ टक्के जास्त धरा. जेसीबीने ढीग टाकून केलेला असेल तर २५ टक्के धरा. माती बांधाच्या वरच्या अंगाने घ्या, पण बांधापासून मीटरभर जागा सोडून, आणि सलग चर न काढता मध्ये मध्ये अखंड जमीन राखून. सलग खणलं की तोच नवा ओहोळ होतो आणि बांधाच्या पायालगत पाणी पळू लागतं. खालच्या काळ्या एकरात मात्र असे समतल बांध नकोत. काळ्या रानात पाणी मुरायला वेळ लागतो, पीक पिवळं पडतं. तिथे हलका ढाळ दिलेले बांध किंवा रुंद वरंबा-सरी ठीक.

सांडव्यावर मी थांबून बोलतो, कारण बांध टिकतो तो सांडव्याच्या जोरावर. तासाला १०० मिमी वेगाचा पाऊस आणि त्यातलं निम्मं पाणी वाहून येतं असं धरलं, तर वरच्या दर हेक्टरी क्षेत्रामागे सव्वा मीटर रुंदीचा सांडवा लागतो. तेव्हा त्यावरून १६ सेंमी जाडीचं पाणी जातं. तुमच्या मधल्या बांधाच्या वर साधारण दीड हेक्टर येत असेल तर सांडवा २ मीटर रुंद घ्या. त्याची पातळी बांधाच्या माथ्यापेक्षा ३० सेंमी खाली, आणि पूर्ण रुंदीत अगदी सपाट. दोन बोटांचा जरी फरक राहिला तरी सगळं पाणी सखल बाजूने एकवटून जातं आणि तिथून खाणं सुरू होतं. सांडवा बांधाच्या टोकाला, न हललेल्या मूळ जमिनीवर काढा, भरावावर कधीच नाही. घळीच्या सरळ रेषेतही नको, कारण भराव तिथेच सर्वांत उंच असतो. तळाला दगड उभे रोवून पिचिंग करा, चपटे आडवे अंथरलेले दगड पाणी सहज उचलून नेतं. आणि सांडव्याच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी आपटतं, तिथे निदान दीड मीटर दगडी फरशी हवीच. बहुतेक सांडवे वरून फुटत नाहीत. खाली खड्डा पडतो, तो मागे मागे सरकतो आणि सगळं गिळतो.

बांधाच्या उतारांवर मारवेल किंवा वाळा ही गवतं लावा. मुळासकट ठोंब फोडून, चार-सहा इंचांवर एक, जूनच्या पहिल्या चांगल्या ओलीत. वाळ्याची ओळ एकही फट न ठेवता लागली तरच माती अडवते. एका ठोंबाची फट राहिली तर पाणी तिथेच जमा होऊन वेगाने जातं. मारवेलचा चारा होतो, म्हणून दूधजनावरं असतील त्यांनी मारवेलच घ्यावा. बांधाच्या खालच्या अंगाला बोर, हिवर, रामकाठी बाभूळ चालते. गिरिपुष्प लावायचंच असेल तर ते इथे, हिरवळीच्या खतासाठी, आणि कमरेएवढ्या उंचीवर छाटत राहून. माथ्यावर मोठं झाड नको. वाऱ्याने हललं की मुळांभोवती भेग पडते, ते वाळलं की मुळांच्या पोकळीतून पाणी शिरतं.

पिकात फार काही वेगळं नको. पेरणी उताराला आडवी करा आणि बाजरीत पेरणीनंतर महिनाभराने सहा-आठ ओळींआड एक रिकामी सरी बळीराम नांगराने पाडा. एवढ्याने बांधावर येणारं पाणी बरंच कमी होतं.

आता माळ. या प्रश्नात माझं सर्वांत ठाम मत इथे आहे. महसुली कागदावर तो पोटखराब (लागवडीला न येणारा) असेल, पण माळ म्हणजे झाडं मेलेली जागा नव्हे. दख्खनच्या पठारावरचा गवताळ माळ हा स्वतःच एक पूर्ण अधिवास आहे. त्यावर जेमतेम वीतभर माती असते, खाली मुरूम. जेसीबीचा दात लागला की मुरूम वर येतो, माती खाली गाडली जाते, वर्षानुवर्षं बसलेली गवताची मुळं तुटतात. त्या उकरलेल्या मुरमावर पहिल्यांदा येतं ते गाजरगवत, मग वेडी बाभूळ. पवना, मारवेल, डोंगरी गवत परत यायला वर्षं लागतात. गवताचा दाट थर असलेल्या माळावरून पाणी स्वच्छ आणि सावकाश येतं. म्हणजे जे काम चराने व्हावं असं तुम्हाला वाटतं, ते गवत आत्ताच करत आहे.

तिथे खरी गरज चराईबंदीची आहे. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी लावून डोंगर सावरले, आणि तुमच्या दोन एकरांना त्यासाठी ग्रामसभेचीही गरज नाही. पहिल्या पावसापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत जनावरं आत सोडू नका. फक्त कुसळीचे पट्टे लवकर, कुसळं धरण्याआधी कापून घ्या. तेव्हा तिचा चारा चांगला असतो, नंतर कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत, तोंडात रुततात. पवन्याला मात्र बी गळेपर्यंत उभा ठेवा आणि नोव्हेंबरात जमिनीपासून चार बोटं वर कापा. उरलेल्या माळाला आग लावू नका. दरवर्षी येणाऱ्या धनगरांशी आधीच बोलून ठेवा. पावसाळ्यात माळावर मेंढ्या आणायच्या नाहीत, सुगीनंतर मेंढ्या मधल्या रानात बसवायच्या. त्यांना चारा, तुम्हाला लेंडीखत. दारावर काटे लावून भांडण करण्यापेक्षा हा करार जास्त टिकतो.

माळावर जिथे खरोखर उघडे, टक्कल पडलेले भाग आहेत आणि तिथून धारा सुटतात, फक्त तिथे हाताने चर घ्या. दोन फूट रुंद, एक फूट खोल, समतल रेषेवर. एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावतं. ४० मिमीचा पाऊस पडून निम्मं पाणी वाहिलं, तर ९ मीटर अंतरावर चरांच्या ओळी असल्या की ते सगळं मावतं. उतार जास्त वाटला म्हणून अंतर निम्मं करून सगळा माळ उकरण्याची गरज नाही. दर दहा-पंधरा फुटांवर हातभर जमीन न खणता सोडा, म्हणजे रेषा चुकली तरी पाणी सगळ्या चरातून एका टोकाला धावणार नाही. माती खालच्या अंगाला, चरापासून फूटभर सोडून टाका आणि तिच्यावर गवताचं बी माती-शेणाच्या गोळीत घालून पेरा. वेडी बाभूळ दिसेल तिथे वीतभर खोल मुळासकट काढा, जमिनीलगत तोडली तर दुप्पट फुटते.

कोणतंही खणकाम मार्च ते जुलैमध्ये टाळा. टिटवी, धाविक, चंडोल, तितर ही सगळी माळावर उघड्या जमिनीवर किंवा गवताच्या बुंध्याशी अंडी घालतात, आणि नेमकं तेव्हाच यंत्रं फिरतात. एप्रिल-मेमध्ये दगडावर चढून गळ्याची निळी-नारिंगी पिशवी पंख्यासारखी उघडणारा सरडा दिसेल. त्याला मोकळी जमीन आणि सुटे दगड लागतात. म्हणून माळावरचे सगळे दगड वेचून बांधाला नेऊ नका. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी रात्री उंच गवतातच जमिनीवर मुक्काम करतात आणि नाकतोडे खातात. कापणी करताना अर्धा एकराचा एक तुकडा त्यांच्यासाठी उभा राखला तर फार बरं. सुप्याचं मयुरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे. चिंकारा, खोकड, लांडगा यांचं बाकीचं जगणं अशा खासगी माळांवर आणि गायरानांवरच चालतं.

खोकडाच्या बिळाला तीन-चार तोंडं असतात. ते बांधात नसेल तर हात लावू नका, ते उंदीर, किडे आणि बोरं खातं. बांधातच असेल तर पिल्लं मोठी होईपर्यंत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडापर्यंत थांबा, मग बीळ माती ठोकून भरा. लांडग्याचा प्रश्न मेंढ्यांपुरता आहे. रात्री वाघूर (मेंढ्यांभोवतीची जाळी) उंच आणि पक्की लावणं, कुत्री जवळ ठेवणं हाच उपाय. जनावर मारलं गेलंच तर ते हलवू नका, पुरू नका, लगेच वनविभागाला कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. मेलेल्या शेळीवर विषारी औषध टाकणं गुन्हा तर आहेच, त्यात गावची कुत्री, घारी, घुबडं सगळीच मरतात. रानडुकरांसाठी कुंपणात थेट वीज सोडणंही तसंच. त्याने माणसं मरतात. सौर झटका यंत्र वेगळं, त्यात प्रवाह क्षणभराच्या ठोक्यांनी येतो.

ओढ्यात खोलीकरणाचा मोह आवरा. गाळ-रेती काढणं वेगळं आणि खालचा मुरूम कापणं वेगळं. आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी मुरमात आणि त्याखालच्या भेगाळ मांजऱ्या खडकात साठतं. ओढा त्या थरात कापला की आजूबाजूच्या विहिरींकडचं पाणी ओढ्यात पाझरून येतं. उन्हाळ्यात ओढा भरलेला दिसतो आणि विहिरी लवकर आटतात. त्याऐवजी वरच्या घळीत अनगड (न घडवलेल्या) दगडांचे छोटे बंधारे घाला. उंची ७५ सेंमी, माथा ५० सेंमी, वरच्या अंगाला एकास एक, खालच्या अंगाला एकास दोन उतार. मोठे दगड खालच्या बाजूला. मध्यभाग कडांपेक्षा फूटभर खाली आणि बंधारा दोन्ही काठांत फूट-दीड फूट आत शिरलेला. हा मध्यातला खळगा विसरला की पाणी काठ खाऊन बाजूने निघून जातं. तळाचा उतार ५ टक्के असेल तर दोन बंधाऱ्यांत १५ मीटर अंतर, म्हणजे खालच्याचा माथा वरच्याच्या पायाशी येतो. दगड घळीच्या काठातून उपटून काढू नका. ओढ्याकाठची निर्गुडी, करंज, शेरणी तोडून काठ साफ करू नका, काठ त्यांनीच धरलेला आहे.

गाव तलावाचा गाळ मिळत असेल तर तो फक्त मधल्या हलक्या रानात घाला, काळ्यात नाही. दोन इंच थराला एकरी सुमारे ७३ ब्रास लागतो, तेव्हा आधी एका एकरावरच करा आणि गाळाचा सामू (पीएच) व क्षारता तपासून घ्या.

राहिलं शेततळं. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात एकास एक उताराने जवळपास २२ लाख लिटर मावतात, पण ते भरणार कशाने? बहुतेक ठिकाणी विहिरीतूनच. म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेलं, शेजाऱ्यांच्याही वाट्याचं पाणी उपसून उन्हात ठेवायचं. भरलेल्या तळ्यातून दिवसाला ८ मिमी जरी उडालं तरी रोज ७,२०० लिटर गेले. अंजीर-सीताफळाला मेमध्ये जगवण्यापुरतं पाणी हवं असेल तर लहान अस्तरित तळं समजू शकतो, तेही पावसाळ्यात ओढ्याच्या जादा पाण्याने भरलेलं. तुमच्यासाठी मात्र काळ्या एकराच्या वरच्या टोकाला, मधल्या सांडव्याचं पाणी येईल असं बिनप्लास्टिकचं तळं जास्त कामाचं. १८ बाय १८ मीटर, अडीच मीटर खोल, एकास दीड उतार. यात सव्वापाच लाख लिटर मावतं. वरच्या पाच एकरांतून ४० मिमीच्या एका पावसात पाचवा भाग वाहिला तरी दीड लाखावर लिटर येतं, म्हणजे असे चार पाऊस पुरे. झिरपा आणि बाष्पीभवन वजा जाता एकराला दोन इंचाचं पाणी दोनदा देता येतं, ज्वारीला किंवा हरभऱ्याला तेवढं पुष्कळ. तोंडाशी गाळ बसायला वेगळा खड्डा ठेवा, दर उन्हाळ्यात उपसा.

प्लास्टिकचं तळं घेतलंच तर एक गोष्ट त्याच दिवशी करा. त्याच्या ओल्या, गुळगुळीत उतारावर पडलेलं खोकड, कुत्रं किंवा मूल वर चढू शकत नाही. भोवती कुंपण घाला आणि चारही कोपऱ्यांत गाठी मारलेला जाड दोर किंवा काथ्याची जाळी तळापर्यंत सोडा.  विहिरीला कठडा नसेल तर तोही निदान छातीएवढा करून घ्या.

विहीर भरायची म्हणून शेतातलं गढूळ पाणी सरळ तिच्यात सोडू नका, झरे गाळाने कायमचे बुजतात. आधी गाळ बसण्याचा खड्डा, मग २ मीटर लांब-रुंद-खोल गाळणीचा खड्डा, तळाला दगडगोटे, त्यावर खडी, वर वाळू, आणि वाळू दरवर्षी धुऊन परत. फवारणीच्या रानाचं पाणी त्यातही नको.

क्रम असा ठेवा: या पावसात खुंट्या आणि माळाची चराईबंदी, दिवाळीला बांध आणि सांडवा, हिवाळ्यात घळीचे दगडी बंधारे, पुढच्या जूनमध्ये गवताचे ठोंब. तळ्याचा निर्णय एक पावसाळा सांडव्यावरून किती पाणी जातं ते पाहून घ्या. आणि विहिरीचं मोजमाप आजच सुरू करा. दर महिन्याच्या १ तारखेला, सकाळी मोटर लावण्याआधी, दोरीला दगड बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्या महिन्याच्या पावसाशेजारी वहीत लिहायचं. काम सुरू होण्याआधीची मोजमापं वहीत नसतील, तर नंतर पाणी वाढलं ते कामाने की पावसाने हे सांगता येणार नाही.